लाइव्ह अपडेट ऐन गर्दीतच का अडकतं? नेटवर्कला शिव्या घालायच्या आधी हे बघा

दरवर्षी तेच. शिगमोत्सवाची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) मिरवणूक असो, मतमोजणी असो, माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळायचा सण) असो, सुरुवातीला सगळं झकास चालतं आणि ज्या क्षणी बघण्यासारखं काही घडायला लागतं नेमकं त्याच क्षणी आमचं लाइव्ह मरतं. मी रस्त्यात उभा, स्क्रीनवर ते गोल फिरणारं चक्र, आणि मावसभावाचा कसाबसा लागलेला फोन, 'अरे पंधरा मिनिटं झाली, काहीच आलं नाही, झोपलास काय मरे?'

आम्ही तिघं मिळून गोव्यातल्या फोंड्यातून हौसेने आमच्या साइटवर घडेल तशा लेखी नोंदी टाकायचं हे काम करतो, पोटाचा धंदा वेगळा आहे. पहिली काही वर्षं आमचं निदान ठरलेलं होतं, 'नेटवर्क गेलं'. मग सिम बदल, मोठा पॅक मार, कंपनीच्या नावाने बोटं मोड, आणि पुढच्या वर्षी परत तेच चक्र. शेवटी एका मिरवणुकीला वही घेतली आणि प्रत्येक नोंदीसमोर तीन वेळा लिहायला लागलो, मी बटण कधी दाबलं, सर्व्हरवर कधी पोचलं, आणि वाचकाला कधी दिसलं. ती वही घरी येऊन वाचली तर कितीतरी वेळा नेटवर्कचा काही दोषच नव्हता, नोंद कधीच पोचलेली होती आणि आमच्याच घरात कुठेतरी अडकून बसली होती.

तर अडकलं की घरी बसलेल्या माणसाने एकच करायचं. ॲडमिनमध्ये (साइटच्या आतल्या, फक्त आपल्याला उघडणाऱ्या बाजूला) जाऊन नोंदींची यादी उघडायची. तिथे तुमची नोंद नसेल तर घोळ तुमच्या फोनच्या आणि टॉवरच्या मध्ये आहे. नोंद आहे पण तिच्यापुढे 'शेड्यूल्ड' लिहिलंय तर घड्याळाचा घोळ. आणि नोंद आहे, 'पब्लिश्ड' आहे, तरी वाचक बोंबलतायत तर कॅशे, म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं जुनं पान. एका मिनिटाचं काम आहे हे, पण त्या गडबडीत कुणी करत नाही, सगळे सेटिंगं बदलत सुटतात आणि मग नक्की कशाने सुटलं तेही कळत नाही.

नोंद पोचलीच नाही

फोनवर चार काड्या दिसतात म्हणून फसू नका. काड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय ते सांगतात, त्या टॉवरच्या दारात किती लोक रांगेत उभे आहेत ते नाही. आणि आपल्याला खाली उतरवायचं (डाउनलोड) नसतं, वर चढवायचं (अपलोड) असतं. टॉवर दणकट, फोन बिचारा साधारण ०.२ वॅटचा, त्यात वर चढवायला वाट्याला जागा मुळात कमी ठेवलेली. एरवी चालतं कारण लोक दिवसभर बघतच असतात, चढवत कुणी नाही. पण फोंड्यातल्या तिस्काला रोमटामेळ (वाजतगाजत नाचत जाणारं पथक) आला, ढोल-ताशा-कांसाळं सुरू झाली, 'ओस्सय' ओरडायला लागले की हजार हात वर जातात आणि हजार फोन एकाच वेळी व्हिडिओ चढवायला लागतात, त्यात तुमचा चार एमबीचा फोटो कुठल्या कुठे.

आता हिशोब बघा. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. दोनशे चिन्हांची नोंद म्हणजे सहाशे बाइट. चार एमबीच्या एका फोटोच्या जागेत अशा साडेसहा हजार नोंदी जातात. म्हणजे फोटो आणि मजकूर एकत्र टाकला की आपणच आपल्या मजकुराच्या गळ्यात धोंडा बांधतो. मजकूर आधी, एकटा. फोटो नंतर, आणि तोही १२०० पिक्सेल रुंदीचा करून, दीडदोनशे केबीत बसतो, फोनवर वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

दुसरं म्हणजे मैदानातून ब्राउझरमध्ये ॲडमिन उघडून लिहायचं मी बंदच केलंय. ब्राउझरचा फॉर्म एकदा प्रयत्न करतो आणि हात वर करतो, वर लिहिलेलंही घेऊन जातो. व्हॉट्सॲप तसं नाही, ते निरोप धरून ठेवतं आणि वाट मिळाली की आपणहून पाठवतं, शिवाय फोटोही आपणहून बारीक करतं. म्हणून मी सगळं घरी व्हॉट्सॲपवर टाकतो आणि मावसभाऊ तिथून चढवतो, त्याच्याकडे फायबर आहे, पंखा आहे, चहा आहे.

व्हॉट्सॲपही बसलं तर साधा एसेमेस. हसू नका. डेटा ठप्प असतानाही एसेमेस जातो असं कितीदा झालंय, कारण त्याला जागा अगदी थोडी लागते आणि तो डेटाच्या रांगेत उभा राहत नाही. फक्त एक गंमत आहे, इंग्रजीत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७०, आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. 'फोंड्यात' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, फोन त्याला आठ मोजतो. म्हणून आम्ही रोमन लिपीत लिहितो आणि खुणा आधी ठरवतो. R म्हणजे रोमटामेळ, GH म्हणजे घोडेमोडणी (लाकडी घोड्यांचा नाच), CH म्हणजे चित्ररथ, पुढे क्रमांक, पुढे वेळ. 'R 3 9.40 Tisk' एवढं आलं की घरी त्याची दोन ओळींची नोंद होते, कारण तिसरं पथक कुठल्या गावाचं ते यादीत आधीच लिहून ठेवलेलं असतं.

आणि सगळ्यात भारी इलाज सांगतो जो कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. मिरवणुकीच्या वाटेवर ज्या दुकानात वायरीचं इंटरनेट आहे तिथल्या माणसाशी दोन दिवस आधी ओळख करा. टॉवर जाम झाला म्हणून जमिनीतून आलेली वायर जाम होत नाही. माझी एक फार्मसी ठरलेली आहे, मी तिथून दरवेळी क्रोसिनची एक स्ट्रिप घेतो आणि पासवर्डही घेतो. घरी क्रोसिनचा साठा झालाय तो भाग वेगळा.

५जी बंद करून ४जीवर अडकवून ठेवा असं सगळे सांगतात, त्याने कधी फायदा होतो कधी उलट, तासभर आधी तिथे उभं राहून दोन्ही करून बघा. फ्लाइट मोड लावून काढायची सवय मात्र ऐन गर्दीत नको, बाहेर गेलेल्याला परत आत यायला त्याच गर्दीतून यावं लागतं. आणि दुसरं सिम ठेवणार असाल तर दुसऱ्या कंपनीचं ठेवा, आमच्यातल्या एका शहाण्याने एकाच कंपनीची दोन सिमं घेतली होती.

एकच नोंद दोनदा

याचा वेगळा त्रास. बटण दाबलं, चक्र फिरतंय, काही होत नाही, परत दाबलं, आणि पाच मिनिटांनी 'घोडेमोडणी सुरू' दोनदा, एकदा तर चारदा. काय होतं की तुमचा निरोप सर्व्हरला पोचलेला असतो, सर्व्हरचं 'पोचलं' हे उत्तर परत येताना वाटेत अडकतं. तुम्हाला वाटतं गेलंच नाही. म्हणून दुसऱ्यांदा दाबायच्या आधी घरच्याला विचारायचं, तो नाही म्हणाला तरच दाबायचं. इतकंच.

पहाटे पावणेपाचची मतमोजणी

हा किस्सा सांगायलाच हवा. १० मार्च २०२२, गोवा विधानसभेची मतमोजणी, ४० जागा. आम्ही त्या दिवसासाठी वेगळं, कोरं वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं होतं, जुन्यावर भार नको म्हणून. शहाणपणा. सकाळी सव्वादहाला नोंद टाकली तर तिच्यावर वेळ आली ४ वाजून ४५ मिनिटं. लगेच लोकांनी विचारायला सुरुवात केली की पहाटे पावणेपाचला कोण मतं मोजत होतं. कोरं वर्डप्रेस मूळचं यूटीसी या जागतिक वेळेवर असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, एवढीच गोष्ट. पण मावसभावाने घाईत काय केलं, घड्याळ दुरुस्त करायचं सोडून प्रत्येक नोंदीला हाताने खरी वेळ घालायला लागला, सव्वादहा, दहा वीस, साडेदहा. आणि नोंदी गायब.

गायब नाही, शेड्यूल्ड. साइटच्या हिशोबाने तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि हा तिला सव्वादहाची वेळ सांगतोय, म्हणजे पुढची वेळ, म्हणजे 'बरं, तेव्हा दाखवतो' म्हणून ती गप्प बसली. आम्ही इकडे परत नेटवर्कला शिव्या घालतोय. अर्ध्या तासाने कुणीतरी यादी बघितली तेव्हा कळलं, सगळ्या हाताने पब्लिश केल्या, पण एक राहिली. ती होती 'साखळीत मुख्यमंत्री पिछाडीवर'. सकाळी ते खरंच होतं, साखळी मतदारसंघात मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत सुरुवातीला मागे होते. पण शेवटी ते ६६६ मतांनी निवडून आले, आणि ते होऊन सगळीकडे पसरल्यावर दुपारी पावणेचारला आमची नोंद शहाण्यासारखी वर आली, पिछाडीवर. त्या दिवशी आम्हाला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इलाज दहा सेकंदांचा. सेटिंग्ज, जनरल, टाइमझोन, तिथे कोलकाता निवडा, आणि वेळेच्या चौकटीला नंतर हातच लावू नका. घडलेली वेळ सांगायची असेल तर मजकुरात लिहा, '१०.१५, दुसरी फेरी'. आणि फेरीचा आकडा लिहाच, कारण नुसतं 'आघाडीवर' हा शब्द अर्ध्या तासात शिळा होतो. त्याच निवडणुकीत सांत आंद्रेच्या जागेचा निकाल ७६ मतांनी लागला आणि पणजीचा ७१६ मतांनी, अशा ठिकाणी निवडणूक अधिकाऱ्याने जाहीर करायच्या आधी 'विजयी' लिहिणारा माणूस एकतर धाडसी किंवा आमच्यासारखा. चुकलंच तर नोंद गुपचूप उडवू नका, खाली 'दुरुस्ती' लिहून वेळ टाका, लोक तोवर स्क्रीनशॉट घेऊन बसलेले असतात.

नोंद आहे, वेळ बरोबर, तरी वाचकाला जुनंच दिसतंय

इथे आम्ही सगळ्यात जास्त वर्षं वाया घालवली, कारण हा आजार स्वतःला दिसतच नाही. तुम्ही लॉगिन केलेलं असतं, आणि लॉगिन केलेल्याला साइट बहुतेक वेळा ताजं पान वाढते. तुम्हाला सगळं ठीक दिसतं, बाहेरच्याला वीस मिनिटांपूर्वीचं. मग तुम्ही म्हणता 'माझ्याकडे तर दिसतंय', तो म्हणतो 'माझ्याकडे नाही', आणि दोघंही खरं बोलत असतात.

कॅशे म्हणजे गाड्यावाल्याने मिरची भजी आधीच तळून ठेवल्यासारखं. गिऱ्हाईक आलं की लगेच कागदात बांधून दिली, कढई परत तापवायला नको. नेहमीच्या बातमीला उत्तम. पण लाइव्हला लोक गरम भजीसाठी आलेत आणि तुम्ही सकाळची देताय.

तपासायचं असं. लॉगिन न केलेल्या फोनवरून, वायफाय बंद करून, इन्कॉग्निटोमध्ये पान उघडा. जुनं दिसलं की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून एखादा आकडा लिहा आणि परत उघडा. साइटला बहुतेक वेळा ते नवीनच पान वाटतं आणि ती कढई तापवते. आता ताजं दिसलं तर चोर सापडला, कॅशेच.

मग आम्ही काय केलं, तर रागाने कॅशे पूर्ण बंद केली. पुढच्या मोठ्या दिवशी वाचक वाढले, प्रत्येकासाठी पान नव्याने तयार व्हायला लागलं, आणि साइट साडेनऊलाच झोपली. होस्टिंगवाल्याला (ज्याच्या सर्व्हरवर आमची साइट आहे त्याला) फोन केला तर तो म्हणाला मोठा प्लॅन घ्या, त्याला बोलायला काय जातं. खरा तोडगा मधला आहे. फक्त त्या लाइव्ह पानाची कॅशे ३० सेकंदांवर आणा. मग अर्ध्या मिनिटात पाचशे माणसं आली तरी सर्व्हर एकदाच तळतो आणि बाकीच्यांना तीच वाढतो, आणि कुणाला अर्ध्या मिनिटापेक्षा शिळं मिळत नाही. चित्ररथ काही अर्ध्या मिनिटात पळून जात नाही.

फक्त लक्षात ठेवा, कॅशे एका जागी नसते. प्लगिनची (वर्डप्रेसला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरची) एक, होस्टिंगची एक (ही बहुतेकांना माहीतच नसते, कंट्रोल पॅनेलमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असते), मध्ये कुठली सीडीएन सेवा (पानाच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून तिथून वाढणारी) लावली असेल तर तिची एक, आणि वाचकाच्या ब्राउझरची शेवटची. प्लगिनमध्ये ३० सेकंद केले आणि होस्टिंगवर दोन तास तसेच राहिले तर काहीच फरक पडणार नाही, आम्ही एक अख्खा शिगमो तसाच काढला.

आणि पान आपोआप रिफ्रेश होण्याची ती जुनी युक्ती, दर मिनिटाला अख्खं पान परत लोड, ती कृपा करून काढा. माणूस खाली कुठेतरी वाचत असतो आणि फाडकन वर फेकला जातो. नवीन नोंदी तेवढ्या आणणारं काहीतरी वापरा, नाहीतर वर एक ओळ लिहा की ताजं बघायला पान ओढा. दुपारनंतर नोंदी शंभरावर गेल्या की पान स्वतःच जड होतं, स्वस्तातला फोन तिथे गुदमरतो, तेव्हा सकाळचं एक पान आणि संध्याकाळचं वेगळं करा, आणि वर चारपाच ओळीत 'आतापर्यंत काय झालं' ठेवा.

फोन, ऊन, पाऊस

मार्चच्या उन्हात फोन हॉटस्पॉटवर, चार्जिंगवर आणि कॅमेऱ्यावर एकदम ठेवला की तो तापतो, आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन अंधुक करतो, मग स्वतःच बंद होतो. आयफोनला तर बाहेर ३५ अंशांपर्यंतच चालायचं असं कंपनीच सांगते. म्हणून चार्जिंग सावलीत, टोपीखाली, आणि तेवढा वेळ हॉटस्पॉट बंद. फ्रीजमध्ये घालू नका, आतल्या आत पाणी धरतं.

चिखलकाल्याची कथा निराळीच. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात आषाढातला पाऊस, पोरंसोरं म्हातारे सगळे चिखलात लोळतायत, आणि स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की फोनला ती बोटंच वाटतात. गेल्या खेपेला माझ्या फोनने स्वतःहून एक नोंद लिहिली, 'ककककल', आणि पाठवलीही. मावसभावाला वाटलं ही काहीतरी नवीन खूण आहे, तो बराच वेळ यादीत शोधत होता. झिप लॉकच्या पिशवीत फोन घालून वरून टाइप करता येतं, पिशवी घट्ट बसलेली हवी, आत हवा राहिली की बोट कळत नाही. एक कोरडा रुमाल दुसऱ्या पिशवीत.

आणि आपण

एवढं सगळं जमवूनही आमचं लाइव्ह मागे पडायचं, कारण मी बघत पण होतो, लिहीत पण होतो आणि शुद्धलेखन पण तपासत होतो. मान खाली घालून एक नोंद नीट करेपर्यंत समोरून दोन चित्ररथ निघून जायचे. आता बघणारा फक्त बघतो आणि तुटक पाठवतो, लिहिणारा घरी. तिसरी वहिनी, ती दर दहा मिनिटांनी आपल्या स्वतःच्या फोनवरून, लॉगिन न करता, साध्या वाचकासारखं पान उघडते आणि जुनं दिसलं की ओरडते. तिला यातलं तांत्रिक काही कळत नाही आणि म्हणूनच ती सगळ्यात उपयोगी आहे.

एक भांडण मात्र ठरलेलं असायचं, दोघांनी एकच पान एडिटला उघडायचं. वर्डप्रेस सांगतं की दुसरा कुणीतरी इथे आहे, तुम्ही 'टेक ओव्हर' दाबता, आणि त्याचं लिहिणं मध्येच तुटतं. एका वेळी एकाच्याच हातात चावी, आणि शक्य असेल तर प्रत्येक नोंद वेगळी ठेवा, एका लांबलचक पानात सगळं कोंबू नका.

अजून एक गोष्ट आमची सुटलेली नाही. ढोल-ताशाचं पथक अगदी समोर असताना एसेमेस लिहायला हात मोकळे नसतात आणि फोन लावून सांगावं तर घरी नुसता धडधडाट ऐकू जातो. मी सध्या रोस ऑम्लेटच्या गाड्यामागे जाऊन, एका कानात बोट घालून ओरडतो, आणि घरी 'वेशभूषा'चं 'देशभाषा' होऊन नोंद पडते. कुणी यावर काही करत असेल तर सांगा, पुढचा शिगमो फार लांब नाही.